कासवाचे शेरे

कासवाचं अकाउंट ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर कधी उघडत नसे. त्यासाठी बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसायचं, नवऱ्याचा जुना, अक्षरं पुसट झालेला कीबोर्ड जोडायचा आणि आदल्या दिवशीचं स्वतःचं काम कुण्या परक्या बाईने केलंय अशा नजरेने वाचायला घ्यायचं. हा नियम तिने स्वतःला घालून दिला होता. मधे एक रात्र गेली पाहिजे, हाही. आज लिहिलेलं आज तपासायचं नाही. आपल्या चुका आपल्याला दिसायच्या तर त्या जरा शिळ्या व्हाव्या लागतात.

कासव म्हणजे नवरा आणि मुंगी म्हणजे ती. ज्या जगात ही दोघं या नावांनी वावरत तिथे कुणालाच खरं नाव नसे. तिथे कुणी घुबड, कुणी चिमटा, कुणी भिंगरी. नवऱ्याचं काम संथ, म्हणून दोस्तांनी त्याला कासव केलं. पुढे त्याने बायकोचं नाव नोंदवलं तेव्हा तिला न विचारताच 'मुंगी' लिहून टाकलं. तिने जाब विचारला तर म्हणाला, "थांबत नाहीस आणि चावतेस."

तेव्हा ती रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. तळघरातली खोली, चार शीतपेट्या, भिंतीवर तापमानाचा तक्ता आणि टेबलावर गाईच्या जिभेसारखं लांबलचक रजिस्टर. एके संध्याकाळी पाळी बदलताना दोन पिशव्यांचे नंबर उलटसुलट लिहिले गेले. तिच्या वरच्या बाईंनी, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, ते वेळेवर पकडलं म्हणून निभावलं. घरी येऊन ती जेवली नाही. नवरा एका मालवाहतूक कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पुढचे चार महिने सुटीच्या दिवशी कुणाच्या घरी जाणं नाही, येणं नाही, असं करून एक प्रोग्राम लिहिला. पिशवी कोणत्या गटाची, कधी घेतली, कधी बाद होणार, कुणाला दिली. काय हवं ते ती सांगायची, कसं ते तो लिहायचा. सांगता सांगता तीही लिहायला शिकली. शिकताना भांडणं इतकी झाली की शेजारणीने एकदा विचारलं, काही वाटणीबिटणीचं चाललंय का.

तो प्रोग्राम त्याने सगळ्यांसाठी उघडा ठेवला. कुणीही घ्यावा, आत काय लिहिलंय ते वाचावं, हवा तसा बदलावा, दाम नाही. अशी कामं करणाऱ्यांचं एक जग असतं आणि त्यातली माणसं एकमेकांना न बघता वर्षानुवर्षं भांडतात नि मदत करतात. हळूहळू एकेचाळीस लहान रक्तपेढ्या त्याच्यावर चालायला लागल्या. त्यांतल्या चाळीस तिने पाहिलेल्या नाहीत.

पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला होता, "रुग्णाला रक्त लावताना पिशवी दोघांनी तपासायची असते ना? मग इथेही दोघांनी." तेव्हापासूनचा नियम असा, की एकाने केलेला कुठलाही बदल दुसऱ्याने वाचून शेरा मारल्याशिवाय आत जायचा नाही. यंत्रच जाऊ देत नसे.

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता तो न्हाणीघरात कोसळला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका रक्तपेढीची तक्रार आली, लेबलं अर्धवट छापली जातायत. मुंगीने दुरुस्ती केली. यंत्र दुसऱ्या माणसाच्या शेऱ्यासाठी अडून बसलं. तिकडे पिशव्या लेबलांवाचून खोळंबलेल्या. कासवाचा पासवर्ड खणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला होता. तिने तो घातला, 'ठीक' असं लिहिलं आणि बटण दाबलं. एकदाच, अडीअडचणीला.

डॉक्टर म्हणाले होते, सहा महिन्यांत बरीच सुधारणा होईल. म्हणून सहा महिने प्रोग्रामच्या जगात कुणाला कळवलं नाही. सहाचे बारा झाले, मग कुठल्या तोंडाने कळवायचं हा प्रश्न झाला. शिवाय लोक तिला लिहीत, "ताई, जरा सरांना विचारून सांगाल का?" मग ती उठून खुर्चीत जाऊन बसायची आणि सर म्हणून तेच उत्तर द्यायची. सरांचं उत्तर मिळालं की लोकांचं समाधान व्हायचं. नोकरी तिने दुसऱ्या वर्षीच सोडली होती. पलंगावरच्या नवऱ्याला उठवणं एकट्या माणसाचं काम नव्हतं.

सुरुवातीला कासव नुसतं 'ठीक' म्हणायचं. एकदा तिने घाईघाईत काहीतरी लिहून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसल्यावर तिला ते इतकं गचाळ दिसलं की हात आपोआप चालले: "कुणाची गाडी चुकतेय? परत लिही." अगदी त्याची भाषा. लिहून झाल्यावर ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. मग स्वयंपाकघरात जाऊन मुंगी म्हणून तणतणत उत्तर दिलं, की गाडी कुणाची नाही, पण दूध उतू चाललं होतं. कासवाने तिसऱ्या दिवशी लिहिलं, "दूध उतू गेलं तर ओटा पुसता येतो. रक्ताचं तसं नसतं." तिला कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

तेव्हापासून ते दोघांचं चालूच राहिलं. कासव टोचायचं, मुंगी चावायची. खुर्चीपासून चार हातांवर, पलंगावर उशांना टेकून बसलेला खरा नवरा खिडकीतून समोरच्या गॅरेजच्या पत्र्यांकडे बघायचा. मधेच त्याला हसू यायचं, मधेच रडू. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्याचा अर्थ लावू नका, मेंदूला इजा झाली की तसं होतं. तरी पहिलं वर्षभर तिने लावला.

असंच रेटून नेलं असतं. पण लीप वर्ष आलं.

फेब्रुवारीच्या शेवटी मोठ्या बाईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, वजनकाट्यासारखा. पंचवीस तारखेला घेतलेल्या प्लेटलेटच्या पिशवीवर प्रोग्राम दोन मार्चची मुदत दाखवतोय. पाच दिवस मोजले तर एक मार्च होते. "मी अजून बोटांवर मोजते," बाई म्हणाल्या, "म्हणून कळलं. बाकीच्यांनी मोजणं सोडलंय. तुझ्यावर विसंबलेत सगळे."

तिने त्या तासाभरात चूक काढली, सगळ्यांना कळवलं, कुठेही बाद पिशवी लावली गेली नव्हती. मग तिने मागे जाऊन पाहिलं, हे आलं कुठून. दोन वर्षांपूर्वी तारखा मोजायचा भाग तिनेच नव्याने लिहिला होता. खाली कासवाचा शेरा: "ठीक." तारीख तीच, वेळ अवघ्या अकरा मिनिटांनंतरची. तिला तो दिवस आठवला. नवऱ्याला ताप होता, छाती भरली होती, गाडी खाली येऊन उभी होती. लिहिलं, उठली, खुर्चीत बसली, बटण दाबलं आणि त्याला घेऊन गेली. मधे रात्र गेली नव्हती. रात्र जाऊ देते म्हणून आपलं काम दोघांचं होतं, अशी तिने मनाची समजूत घालून ठेवली होती. ती त्या अकरा मिनिटांत उघडी पडली. आणि रात्र गेली असती तरी काय, वाचणारी तीच होती.

दोन दिवस तिचा कशालाच हात लागेना. तिसऱ्या दिवशी तिने समूहाकडे अर्ज केला.

हा समूह म्हणजे देशोदेशींची तीनेकशे माणसं. ज्या प्रोग्रामांचे मालक दमले, मेले किंवा संसाराला लागले, ते दत्तक घ्यायचे हे त्यांचं काम. पद्धत ठरलेली. अर्ज करायचा, मग चौदा दिवस कुणीही शंका काढायची, शेवटी व्हिडिओ कॉलवर बोलणं आणि त्यानंतर मतं. घेतलं तर समूहातले दोघे जण पालक होतात. अट एकच आणि ती कडक होती: एकखांबी तंबू घ्यायचा नाही. आधीपासून काम करणारी निदान दोन माणसं हवीत आणि त्यांनी पुढचं वर्षभर पालकांबरोबर थांबायला हवं. मागे काही एकट्याचे प्रोग्राम घेतले, किल्ल्या हातात आल्या आणि माणूस गायब झाला, आत काय कुठे आहे ते कुणालाच कळेना. तेव्हापासून ही अट.

अर्जात रकाना होता, सध्या काम करणारे किती. तिने 'दोन' लिहिलं. खोडलं नाही.

पहिल्या दिवसापासून चिमटा विरोधात उभा राहिला. हा माणूस कुठे राहतो, काय वयाचा आहे, कुणाला ठाऊक नव्हतं; पण त्याने हात लावला की काटा निघतो आणि कातडीही निघते, अशी त्याची ख्याती. त्याने लिहिलं, घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. आपल्याकडे आधीच सतरा पोरकी आहेत, त्यांतल्या पाचांकडे वर्षभर कुणी ढुंकून पाहिलेलं नाही. ती निदान चित्रं लहानमोठी करणारी, हिशेब ठेवणारी आहेत. हे रक्ताचं आहे. इथे चूक झाली तर क्षमा मागायची कुणाची?

त्याला उत्तर भिंगरीने दिलं. ही तरुण मुलगी कशालाही 'मी करते' म्हणून पुढे यायची. तिचं म्हणणं, आपण नाही म्हटलं म्हणून त्या एकेचाळीस जागा प्रोग्राम वापरायच्या थांबणार आहेत का? विकतचा घेण्याची त्यांची ऐपत नाही. त्या हाच वापरत राहतील, फक्त बघणारं कुणी नसेल. आजारी पोर दारात ठेवलेलं असताना ते आजारी आहे म्हणून दार लावायचं? चिमट्याने विचारलं, आणि रात्री उठणार कोण, तू? तुझ्याकडे आधीच अकरा आहेत.

असं सात दिवस चाललं. मुंगी सगळं वाचायची आणि विचारलं तेवढंच बोलायची. समूहाच्या अध्यक्ष बाई मधून मधून दोघांना आवरायच्या. मग घुबडाने एक मुद्दा काढला, की निदान या प्रोग्रामची दप्तरं बघा: इतक्या वर्षांत एकही बदल दुसऱ्या माणसाच्या शेऱ्याशिवाय आत गेलेला नाही. असं आपल्या किती प्रकल्पांत आहे?

चिमटा दोन दिवस गप्प झाला. तो शेरे वाचत होता. दहाव्या दिवशी त्याने लिहिलं:

"मी सहाशे शेरे वाचले. या कासवाने मुंगीचं काम एकशे चौदा वेळा परत पाठवलंय, आणि एकदाही उगाच नाही. बायकोला इतकं स्पष्ट सांगणारा नवरा आणि ते ऐकून सुधारणारी बायको, दोन्ही दुर्मीळ. हा माणूस वर्षभर आपल्या पालकांना शिकवणार असेल तर माझं मत होकाराचं. कासवराव कॉलवर दहा मिनिटं आले तर बरं. मला त्यांच्याशी बोलायचंय."

खाली भराभर अंगठे आले. भिंगरीने तर नाचणारी बाहुली टाकली.

तिने ते वाचलं तेव्हा ती नवऱ्याला पाणी पाजत होती. त्याला नुसतं पाणी ठसका लावायचं, म्हणून त्यात पूड घालून ते घट्ट करावं लागे. चमचा तोंडाशी तसाच राहिला. त्याने तोंड उघडून वाट पाहिली.

दुसऱ्या दिवशी धाकटा दीर आला. आठवड्यातून एकदा यायचा, फळं आणायचा, दादाच्या पायाशी बसून घरातल्या बातम्या सांगायचा आणि जाताना डोळे पुसायचा. तिने त्याला चहा दिला आणि सगळं सांगितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी. तो ऐकत गेला आणि चहावर साय धरली.

"म्हणजे दादा काहीच करत नाही?" तो म्हणाला.

तिने मान हलवली.

"मी सगळीकडे सांगत आलो, वहिनी. माझ्या ऑफिसात, सासरी. माणूस अंथरुणाला खिळलाय पण डावा हात अजून चालतो, डोकं चालतं. मी पोरांना त्याचं नाव स्क्रीनवर दाखवलंय."

ती म्हणाली, की आधीची बारा वर्षं त्यांनीच केलं, ते खोटं नाही. पण त्याचं लक्ष नव्हतं. थोड्या वेळाने तो सावरला आणि व्यवहाराचं बोलू लागला. झाकली मूठ सव्वा लाखाची. हात दाखवून अवलक्षण कशाला? ज्यांना काही बोलायचंय त्यांना दहाच मिनिटं हवीत. दादाला चांगला शर्ट घाला, समोर बसवा. बोलता येत नाही हे सांगा, आता आतापर्यंत येत होतं म्हणा. मान तर हलवतो ना? कोणाचं वाईट होतंय? त्या लोकांना प्रोग्राम मिळतो, तुमचं ओझं उतरतं, दादाचं नाव राहतं.

त्याचं चुकत होतं असं तिला वाटेना. हीच गोष्ट ती रात्रभर घोळवत होती, फक्त तिच्या मनातला शर्ट निळा होता.

चौदाव्या दिवशी सकाळी व्यायाम करून घेणारे काका येऊन गेल्यावर तिने नवऱ्याची गुळगुळीत दाढी केली. निळा शर्ट चढवला. आधी लुळा हात, मग चांगला, उलट केलं तर बाही अडकते. केस ओले करून मागे वळवले. दीर दुपारी येऊन मदत करणार होता, पण तिला आधी एकदा बघायचं होतं. चाकाची खुर्ची टेबलाजवळ आणून तिने कॅमेरा सुरू केला.

तो छान दिसत होता. सहा वर्षांत इतका नीटनेटका दिसला नव्हता. स्वतःला पडद्यावर बघून त्याला आधी हसू आलं, मग त्या हसण्याचंच रडू झालं. लाळ आली ती तिने पुसली. मान उजवीकडे कलली. ती त्याच्या मागे उभी राहिली आणि कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने दोन बोटांनी त्याची हनुवटी वर उचलून धरली.

मग तिने पडद्यावर पाहिलं. बोटं दिसत होती.

ती जरा खाली सरकवता आली असती. कॉलरच्या आड. तिने सरकवून पाहिलंही. आता दिसत नव्हती. नवरा ताठ मानेने समोर बघत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तो कुणालाही सांगू शकत नव्हता की मला इथे बसायचं नाही.

तिने कॅमेरा बंद केला. त्याला पलंगावर नेलं, शर्ट काढून मऊ झालेला रोजचा सदरा घातला आणि दिराला फोन करून सांगितलं, येऊ नको. का, असं त्याने विचारलं नाही.

कॉल दुपारी होता. पडद्यावर वीसेक चौकोन, त्यांतले निम्मे काळे. चिमट्याचा काळाच. अध्यक्ष बाईंनी तिचं स्वागत केलं, ती लिहिते तशीच सौम्य निघाली याचं त्यांना हसू आलं. मग त्या म्हणाल्या, आणि कासवराव?

"कासव मीच आहे," ती म्हणाली.

कुणालातरी वाटलं ती गमतीने बोलतेय, त्याने हसायला सुरुवात करून मधेच सोडली. तिने सगळं सांगितलं. न्हाणीघर, लेबलं, खणातला पासवर्ड, खुर्ची, मधली रात्र. तिने जेवढा वेळ धरला होता त्याहून कमी वेळात ते संपलं. 

भिंगरीचा चेहरा रडवेला झाला होता. ती म्हणाली, "ताई, तुम्ही आधी का नाही सांगितलंत? आम्ही होतो ना."

 मग काळ्या चौकोनातून आवाज आला, म्हातारा, दम लागलेला. चिमटा म्हातारा असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"एकोणतीस फेब्रुवारीची चूक," तो म्हणाला. "तो बदल कुणी तपासला?"

"मीच. त्याच दिवशी. त्यांना ताप होता."

"म्हणजे कुणीच नाही."

"कुणीच नाही."

"आणि बाकीचे?"

ती म्हणाली, "बाकीचेही." हे तिने आजवर स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं.

तीन दिवसांनी निकालाची मेल आली. दोन माणसांची अट अपवाद म्हणून बाजूला ठेवून समूह प्रोग्राम दत्तक घेत आहे. मतांचा फरक अगदी थोडा होता. भिंगरीचंच म्हणणं मान्य झालं, की नाकारला तर तो जास्त धोक्याचा होईल. पुढे अटी होत्या. पालक म्हणून भिंगरी आणि आणखी एक, ज्याचं टोपणनाव तिने कधी ऐकलं नव्हतं. कासवाचं अकाउंट आजच बंद करावं. मुंगीने काम पाठवत राहायला हरकत नाही, पण शेरा मारण्याचा तिचा अधिकार काढून घेण्यात येत आहे. गेल्या सहा वर्षांतले सगळे बदल पालक नव्याने वाचतील. तोवर प्रोग्रामच्या पहिल्या पानावर ठळक सूचना राहील, की या काळातल्या तपासणीच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत.

त्या मेलच्या मागोमाग चिमट्याची दोन ओळींची मेल आली. "मी विरुद्ध मत दिलं, ते तुम्हाला माझ्याकडूनच कळावं. शेरे चांगले होते." तिने ती पुन्हा पुन्हा वाचली. 

कासवाचं अकाउंट बंद करायला तिला अर्धा दिवस लागला. काम दोन मिनिटांचंच. यंत्राने विचारलं, जुने शेरे ठेवायचे की पुसायचे. तिने ठेवायचे म्हटलं. त्या क्षणी कासवाच्या नावाजागी सगळीकडे राखाडी रंगाचा एक कोरा चेहरा आणि 'माजी सदस्य' अशी अक्षरं आली. दूध उतू गेलं तर ओटा पुसता येतो, असं आता कुणी माजी सदस्य म्हणत होता. पलंगावरून तिला नवऱ्याच्या हसण्याचा आवाज आला. तिने वळून पाहिलं. तो गॅरेजकडे बघत होता.

मोठ्या बाईंनी पहिल्या पानावरची ती सूचना छापून शीतपेटीवर चिकटवली आणि फोन करून तसं सांगितलं. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, आता सगळ्या पोरींना बोटांवर मोजायला लावलंय. मग विचारलं, तो कसा आहे. हे त्या सहा वर्षं विचारत होत्या, पण आज उत्तर मिळेपर्यंत थांबल्या. दीर त्या आठवड्यात आला नाही, पुढच्याही नाही.

महिन्याभराने एका रक्तपेढीने लेबलावर गटाचं अक्षर मोठं करून मागितलं. साधं काम. तिने ते टेबलावर बसून एका बैठकीत उरकलं आणि पालकांकडे पाठवलं. आता मधे रात्र जाऊ द्यायची गरज नव्हती, वाचणारं दुसरं माणूस होतं. तिला हलकं वाटायला हवं होतं. ती उठली, नवऱ्याला कुशीवर वळवलं, पाठीला पावडर लावली आणि हात धुऊन परत आली तर शेरा येऊन पडलेला. पाठवल्यापासून चार मिनिटांनी. "मस्त ताई! धन्यवाद!" आणि बदल आतही गेला होता. शुक्रवारी तो सगळ्या एकेचाळीस जागी पोहोचायचा होता.

चार मिनिटांत तिला स्वतःला तो नुसता वरून खाली सरकवता आला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तो उघडला. खुर्चीत जाऊन बसली नाही, ओट्याशी उभ्याउभ्याच वाचला. एका ओळीपाशी ती थांबली. पिशवीचा गट अजून नोंदवलेला नसेल तर तिथे कोरी जागा सुटायला हवी होती. तिने लिहिलं होतं त्याप्रमाणे तिथे आधीच्या पिशवीचा गट छापला जात होता. म्हणजे ए गटाच्या पिशवीमागोमाग आलेल्या, कुणाच्या कुठल्या तरी पिशवीवर मोठ्या, ठसठशीत अक्षरात ए.

 बदल परत घ्यायचा अधिकार तिला नव्हता. तिने भिंगरीला लिहिलं. दुसऱ्या पालकाला लिहिलं. उत्तर नाही. अध्यक्ष बाईंना लिहिलं. मग वाट न बघता एकेचाळीस जागांची यादी काढून फोन करायला बसली, शुक्रवारचं घेऊ नका, शुक्रवारचं घेऊ नका. काहींनी विचारलं, आपण कोण. काहींना तिची भाषा येत नव्हती, तिथे तिने मोडकंतोडकं लिहून पाठवलं. मधे दोनदा नवऱ्याला कूस बदलून दिली. एकदा चादर बदलली.

दुपारी भिंगरीचा निरोप आला. बदल मागे घेतला होता. तिने लिहिलं होतं, "बाप रे ताई, बरं झालं तुम्ही पाहिलंत. खरं सांगू, मी पूर्ण वाचला नव्हता, काल सगळीकडेच गडबड होती. पण तुमचं काम म्हटल्यावर वाटलं, बघायची काय गरज. तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

तिने उत्तर लिहायला घेतलं. आधी बरंच लिहिलं. पिशवीविषयी, चिमट्याने विचारलेल्या प्रश्नाविषयी. मग ते सगळं पुसलं आणि एवढंच ठेवलं:

"विश्वास नको. वाचत जा."

एका मिनिटाच्या आत भिंगरीचा अंगठा आला.